टीसीएल (ब्लिचिंग पावडर) रोज टाकूनही नळाचा नमुना दूषित, शिवाय विहिरीत नायट्रेट जास्त : आधी काय दुरुस्त करावे?

प्रश्न : समिती सदस्य, दिंडोरी तालुका

नमस्कार. मी दिंडोरी तालुक्यातील एका लहान वस्तीच्या ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची सदस्य आहे. आमच्याकडे १४० कुटुंबे, म्हणजे साधारण ७०० माणसे राहतात. ओहोळाच्या काठावरील सार्वजनिक विहीर हा आमचा एकमेव उद्भव, म्हणजे पाण्याचा स्रोत, आहे. तिचा व्यास ६ मीटर असून सध्या तिच्यात ४ मीटर पाणी आहे. विहिरीतले पाणी ५० हजार लिटरच्या उंच टाकीत चढवले जाते आणि सकाळी दीड तास घरोघरच्या नळांना सोडले जाते. जल जीवन मिशनमध्ये घरगुती नळजोडण्या नव्या झाल्या. विहीर, टाकी आणि गावातील मुख्य वाहिनी मात्र जुनीच आहे.

ऑगस्टमध्ये एकाच आठवड्यात अकरा जणांना जुलाब व उलट्या झाल्या आणि त्यातले नऊजण ओहोळापलीकडच्या आळीतले होते. त्यानंतर घेतलेल्या नमुन्यांपैकी त्या आळीतील नळाचा नमुना जीवाणू तपासणीत पिण्यास अयोग्य ठरला. त्याच वेळी विहिरीचा रासायनिक अहवालही आला आणि त्यात नायट्रेट लिटरमागे ६२ मिलिग्रॅम निघाले. मर्यादा ४५ ची आहे, एवढेच मला अहवालाच्या कागदावरून समजले. टीसीएल रोज टाकले जाते, अशी नोंद वहीत आहे आणि पाणी सोडणारे काका प्रामाणिक आहेत, त्यामुळे आम्ही गोंधळलो आहोत.

मागच्या बैठकीत एक विक्रेता आला होता. त्याने आमच्या नळाच्या पाण्यात दोन कांड्या बुडवून वीज सोडली, तेव्हा पाणी तपकिरी झाले. त्याने आणलेल्या शुद्ध पाण्याला काहीच झाले नाही. ते पाहून बऱ्याच जणांचे मत असे झाले आहे की वर्गणी काढून आरओचे (पडद्यातून पाणी दाबून क्षार काढणारे) यंत्र बसवावे आणि विहिरीवर आणखी खर्च करू नये. काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात की टीसीएलच्या वासामुळेच पोट बिघडते, ते बंद करा. पाणीपट्टी महिना ५० रुपये आहे आणि जवळपास निम्मी घरे ती भरत नाहीत, त्यामुळे जो पैसा आहे तो एकाच ठिकाणी लागणार आहे. तो कोठे लावावा? टीसीएल टाकूनही नमुना खराब का आला, नायट्रेटवर उपाय काय, आणि पाणीपट्टी वाढवायची तर ती कोणत्या आधारावर सांगायची, याविषयी ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : निवृत्त उपअभियंता, नाशिकरोड

ताई, तुम्ही आकडे दिलेत म्हणून नेमके बोलता येईल. सर्वप्रथम समितीला एक गोष्ट स्पष्टपणे सांगा : तुमच्या पाण्यात दोन वेगवेगळे दोष आहेत, त्यांची कारणे वेगळी आहेत आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. जुलाब जीवाणूंमुळे झाले आणि ते क्लोरीनने मरतात. नायट्रेट हा पाण्यात विरघळलेला क्षार आहे; तो क्लोरीनने जात नाही, गाळून जात नाही आणि उकळूनही जात नाही, उलट उकळताना पाणी आटते आणि त्याचे प्रमाण वाढते. जुलाबांचा दोष आजचा आहे आणि तो थोड्या पैशांत दुरुस्त होतो, म्हणून आधी तो.

टीसीएल टाकले जाते, हे वहीत आहे. पण पाण्यात क्लोरीन शिल्लक राहतो का, हा प्रश्न वेगळा आहे. माझ्या नोकरीच्या काळात मी ज्या योजना पाहिल्या, त्यांत बहुतेक वेळा तीनपैकी एक चूक सापडत असे आणि काही ठिकाणी तिन्ही.

पहिली चूक पावडरीची. ताज्या टीसीएलमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. गोणी एकदा उघडली, दमट खोलीत राहिली किंवा तिच्यावर ऊन पडले, की तो उडून जातो आणि मागे चुना उरतो. तो दिसायला पांढराच असतो, टाकणाऱ्याला फरक कळत नाही. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नये. तुमच्या वस्तीला माणशी ५५ लिटरप्रमाणे दिवसाला ३८ हजार ५०० लिटर पाणी लागते. हजार लिटरला ५ ग्रॅम हा आपल्याकडचा सर्वसाधारण हिशेब धरला आणि टाकी पूर्ण भरली, तरी दिवसाला २५० ग्रॅम पावडर पुरते. म्हणजे २५ किलोची एक गोणी १०० दिवस चालते आणि पावसाळ्यात तेवढ्या दिवसांत तिचा कस जातो. म्हणून वर्षाची खरेदी एकदम करू नका. झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात ठेवा, लोखंडी डब्यात ठेवू नका, आणि पावडरीचा नमुनाही प्रयोगशाळेत पाठवा. पाण्याचा नमुना सगळे पाठवतात, पावडरीचा कोणालाच आठवत नाही.

दुसरी चूक वेळेची. क्लोरीनला जीवाणू मारायला किमान अर्धा तास लागतो. पुष्कळ ठिकाणी टाकी भरत असतानाच खालचा व्हॉल्व्ह उघडला जातो, कारण वीज उशिरा आली आणि लोक नळाशी उभे आहेत. अशा वेळी पहिल्या घरांना क्लोरीनच्या वासाचे पाणी जाते आणि नंतरच्यांना नुसते पाणी. टीसीएल बादलीत कालवून पंधरा-वीस मिनिटे ठेवावे, चुना तळाला बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी टाकी भरत असताना आत सोडावे, म्हणजे ते सगळीकडे मिसळते. कोरडी पावडर वरून फेकली की एका जागी तीव्र वास येतो आणि बाकीचे पाणी कोरे राहते. ज्येष्ठांची वासाची तक्रार बहुधा यातूनच आली असावी, म्हणून ती झटकून टाकू नका.

तिसरी चूक वाहिनीची, आणि तुमच्या बाबतीत मला हिचाच संशय अधिक आहे, कारण आजारी पडलेल्यांपैकी नऊजण ओहोळापलीकडचे आहेत. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसते. पुरवठा बंद झाला की वाहिनी रिकामी होत जाते आणि तिच्यात ओढ निर्माण होते; जेथे सांधा सैल आहे किंवा व्हॉल्व्हची पेटी गटाराच्या पाण्यात बुडालेली आहे, तेथून ते पाणी आत खेचले जाते. दुसऱ्या दिवशी पाणी सुटले की पहिला लोट तोच असतो. कोणी नळाला थेट मोटर लावत असेल तर ही ओढ पुरवठा चालू असतानाही होते, म्हणून नळावरच्या मोटरी हा केवळ शेजाऱ्याचे पाणी पळवण्याचा प्रश्न नाही, तो आरोग्याचा प्रश्न आहे.

शोध कसा घ्यावा, हे सांगतो. त्यासाठी यंत्र लागत नाही. ओटी (ऑर्थोटोलिडीन) या क्लोरीन दाखवणाऱ्या रसायनाच्या चाचणीची बाटली घ्या आणि एकाच सकाळी, पाणी सुटल्यावर, टाकीच्या तोंडाशी, पहिल्या घरी, मध्यावर, ओहोळाच्या अलीकडे, पलीकडे आणि शेवटच्या नळावर क्लोरीन मोजा. थेंब टाकल्याबरोबर दिसणारा पिवळा रंग वाचावा. दहा मिनिटांनी गडद झालेला रंग मोकळ्या क्लोरीनचा नसतो. ते रसायन अपायकारक आहे, तपासलेले पाणी कोणी पिऊ नये. शेवटच्या नळावर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असले पाहिजे. क्लोरीन हळूहळू कमी होत जाणे स्वाभाविक आहे, पण दोन ठिकाणांच्या मध्ये तो एकदम नाहीसा झाला, तर त्या दोन ठिकाणांच्या मध्येच खोदा.

टाकी शेवटची कधी धुतली, हे तुम्ही लिहिलेले नाही. दर तीन महिन्यांनी धुवावी आणि तारीख टाकीवर रंगाने लिहावी. मात्र बंद टाकीत कोणीही एकट्याने उतरू नये; झाकणे काही तास आधी उघडावीत, वर दोन माणसे दोरासह उभी असावीत आणि ब्लिचिंगचे द्रावण भिंतींना लावताना आत कोंडून काम करू नये. याविषयी मी आग्रहाने लिहितो, कारण वस्तीतील माणसे हे काम घरचे समजून करतात आणि काळजी घेत नाहीत.

त्या विक्रेत्याच्या प्रयोगाबद्दल. त्याच्या उपकरणात लोखंडाची कांडी असते. वीज सोडली की लोखंड विरघळते आणि त्याचाच तपकिरी गाळ दिसतो. वीज वाहायला पाण्यात क्षार लागतात. त्याने आणलेल्या पाण्यात ते जवळजवळ नसतात, म्हणून तेथे काही घडत नाही. पुढच्या वेळी त्याच्याच पाण्यात चिमूटभर मीठ घालून तोच प्रयोग करायला सांगा, तेही तपकिरी होईल. आपला काळा पाषाण आणि त्यावरचा मुरूम यांतून आलेल्या विहिरीच्या पाण्यात क्षार असणारच. एकूण क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा उद्भव नसल्यास २,००० पर्यंत चालतात, असे भारतीय मानक आयएस १०५०० सांगते. टीडीएसच्या, म्हणजे एकूण क्षार मोजणाऱ्या, मीटरला ना जीवाणू दिसतात, ना त्या क्षारांत नायट्रेट किती, हे कळते.

उत्तर : आरोग्य सेविका, निफाड तालुका

सरांनी तांत्रिक बाजू मांडली आहे, मी घरातली बाजू मांडते, कारण टाकीपर्यंत चांगले असलेले पाणी घरात खराब झालेलेही मी पाहिले आहे.

ताई, तुमच्याकडे सहा महिन्यांच्या आतील बाळे किती आहेत, याची यादी आजच आशाताईंकडून घ्या. नायट्रेटचा सर्वांत मोठा धोका त्यांना असतो. बाळाच्या शरीरात नायट्रेटचे नायट्राइट होते, त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते आणि ओठ व नखे निळसर पडू लागतात. असे बाळ दिसल्यास विलंब न करता दवाखान्यात न्यावे. जी बाळे केवळ आईच्या दुधावर आहेत, त्यांची चिंता करू नये. ज्यांना पावडरीचे दूध दिले जाते, त्यांच्यासाठी या विहिरीचे पाणी वापरू नये आणि ते उकळून वापरले म्हणजे झाले, असेही समजू नये. गरोदर महिलांनाही शक्य असल्यास दुसऱ्या उद्भवाचे पाणी द्यावे. एवढ्या थोड्या घरांपुरती सोय तुम्ही उद्यापासून करू शकता, त्यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याची गरज नाही.

ओहोळापलीकडच्या आळीला, वाहिनी दुरुस्त होईपर्यंत, पाणी खळखळून उकळून प्यायला सांगा किंवा उपकेंद्रातून मेडिक्लोर (क्लोरीनचे द्रावण) घेऊन घरोघरी वाटा आणि किती पाण्याला किती थेंब, हे प्रत्येक घरी प्रत्यक्ष दाखवा. माठावर झाकण आणि लांब दांड्याचे ओगराळे असावे. पेला बुडवणारा हात धुतलेला आहे की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. पहिला गढूळ लोट सांडायला किंवा भांड्यांना वापरावा, तो पिण्याच्या हंड्यात भरू नये.

वासाबद्दल माझा अनुभव असा की बायकांच्या हातात चाचणीची बाटली दिली, की तक्रार कमी होते. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. तुमच्याकडे संच आला असेल आणि ग्रामपंचायतीच्या कपाटात बंद असेल, तर तो बाहेर काढा. आमच्या एका वस्तीत शेवटच्या आळीतील दोघीजणी रोज सकाळी रंग पाहतात आणि शाळेच्या फळ्यावर आकडा लिहितात. आकडा शून्य आला, तर त्या स्वतः टाकीकडे जातात. फळा सुरू झाल्यापासून पाणी सोडणाऱ्या दादांनाही बळ आले, कारण पूर्वी त्यांना सगळ्यांच्या तक्रारी ऐकाव्या लागत आणि त्यांचे चांगले काम कोणाला दिसत नसे.

नमुना पाठवतानाही चुका होतात. जीवाणू तपासणीची बाटली निर्जंतुक असते आणि तिच्यात क्लोरीन थांबवणारे औषध घातलेले असते, म्हणून ती विसळू नये. नळाचे तोंड ज्योतीने तापवावे, दोन मिनिटे पाणी वाहू द्यावे, मगच भरावी आणि बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी पोहोचवावी. दिवसभर मोटारसायकलच्या डिकीत तापलेल्या बाटलीचा अहवाल काय सांगणार?

उत्तर : वाचक, सिन्नर

यंत्राला सरसकट नाही म्हणू नये, एवढेच सुचवतो. आरओने नायट्रेट कमी होते, हे खरे आहे आणि दुसरा उद्भवच नसेल तर पिण्यापुरते यंत्र हा मार्ग उरतो. परंतु त्यात निम्म्याहून अधिक पाणी वाया जाऊ शकते, पडदे ठरावीक काळाने बदलावे लागतात आणि टाकाऊ पाणी विहिरीजवळच सोडले तर तेच क्षार पुन्हा विहिरीत जातात. आमच्या शेजारच्या गावातील यंत्र दुसऱ्या उन्हाळ्यात बंद पडले, कारण पडदे बदलायला पैसे राखून ठेवलेले नव्हते. आज ५० रुपये वसूल होत नसतील, तर त्या यंत्राचा खर्च कोण भरणार, हे आधी ठरवा. सुट्या थंड पाण्याच्या जारवर विसंबणाऱ्यांनीही त्या पाण्याचा तपासणी अहवाल मागावा. जार थंड आहे म्हणजे पाणी शुद्ध आहे, असे नाही.

उत्तर : द्राक्ष बागायतदार, दिंडोरी तालुका

नायट्रेट कोठून येते, हे आम्हा बागायतदारांनीच मोकळेपणाने सांगितले पाहिजे, म्हणून लिहीत आहे. द्राक्षाच्या खरड छाटणी आणि गोडी छाटणीनंतर बागेला नत्र (नायट्रोजनयुक्त खत) दिले जाते, कांद्याला युरिया जातो, बांधावर शेणखताचे आणि कोंबडखताचे ढीग पावसात भिजत पडतात. पिकाला जेवढे लागते त्याहून अधिक दिलेले नत्र मुळांच्या खाली उतरते आणि मुरमातून उथळ विहिरीत येते. ओहोळाच्या काठची विहीर म्हणजे आजूबाजूच्या सगळ्या शेतांच्या निचऱ्याची जागा. त्यात शोषखड्डे आणि उकिरडे यांची भर पडते. शौचालयाचा खड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर दूर असावा, असे सांगतात, पण आपल्या भेगाळलेल्या खडकात पाणी कोणत्या भेगेने कोठे जाईल, याचा नेम नाही, म्हणून अंतर जितके जास्त ठेवता येईल तितके ठेवावे.

आपण विहिरीच्या वरच्या अंगाला कोणाची शेती आहे, याचा साधा नकाशा काढावा आणि त्या शेतकऱ्यांना समितीच्या बैठकीला बोलवावे, पण आरोपी म्हणून बोलवू नये. त्यांचीही मुले तेच पाणी पितात. माती आणि देठ परीक्षण (पानाच्या देठातील अन्नद्रव्यांची तपासणी) करून नत्र ठरवणे, ते ठिबकमधून थोडे थोडे देणे, जोराच्या पावसाआधी युरिया न फेकणे आणि खताचे ढीग विहिरीपासून हलवणे, यांत शेतकऱ्याचाही पैसा वाचतो. मी स्वतः देठ परीक्षणानंतर नत्राच्या मात्रा कमी केल्या आणि घडांना काही उणे पडले नाही. मात्र याचा परिणाम विहिरीत दिसायला दोन-चार पावसाळे जावे लागतात, त्यामुळे तोपर्यंत दुसरी सोय लागेलच.

वस्तीत कमी नायट्रेटची दुसरी विहीर किंवा बोअर आहे का, ते तपासा. दोन पाणी टाकीत मिसळली तर प्रमाण खाली आणता येते. उदाहरणार्थ ६२ चे आणि २० चे पाणी समसमान घेतले तर ४१ होते. तपासणी एकदाच करून थांबू नका. मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर, अशी दोन्ही वेळा करा, कारण आकडा ऋतूप्रमाणे हलतो. आणखी एक गोष्ट : सार्वजनिक पिण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेण्यास १९९३ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने बंदी घातली होती आणि पुढे २००९ चा व्यापक कायदा आला. शेजारी कोणी बोअर घेत असेल तर तो पूर्ण होण्याआधीच बोला, नंतर भांडण उरते.

पाणीपट्टीविषयी आपल्या तालुक्यातच एक मोठा धडा आहे. वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था उभ्या केल्या, ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे गावोगाव बैठका घेतल्या. तेथे पाणी मोजून घेतले जाते आणि पट्टी शेतकऱ्यांची संस्थाच वसूल करते. तो शेतीच्या पाण्याचा विषय आहे, पण पाणी मोजले आणि हिशेब सगळ्यांसमोर ठेवला की माणसे पैसे देतात, हे मी तेथे पाहिले आहे. आपल्या पंपावर आधी मीटर बसवा.

प्रश्नकर्तीचे उत्तर : समिती सदस्य, दिंडोरी तालुका

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे आम्ही तीन आठवडे काम केले, त्याचा तपशील देते.

चौघीजणींनी एकाच सकाळी सहा ठिकाणी क्लोरीन मोजला. टाकीच्या तोंडाशी ०.५, पहिल्या घरी ०.४, मंदिराच्या कोपऱ्यावर ०.३, ओहोळाच्या अलीकडे ०.३ आणि पलीकडे पहिल्याच नळापासून शेवटपर्यंत शून्य. खोदल्यावर ओहोळाच्या काठची व्हॉल्व्हची पेटी गटाराच्या पाण्याने गच्च भरलेली सापडली. व्हॉल्व्हचे पॅकिंग गेलेले होते आणि त्याच्या पुढचा सांधा बोटाने हलत होता. त्या पेटीवर गेली दोन वर्षे मुरूम टाकून रस्ता केलेला होता, त्यामुळे ती कोणाच्या लक्षातही राहिली नव्हती. व्हॉल्व्ह बदलला, सांधा बदलला, पेटी उंच बांधली आणि गटाराची दिशा वळवली. टीसीएलची गोणी फेब्रुवारीत उघडलेली होती. तिच्या नमुन्यात १४ टक्केच क्लोरीन निघाला. काकांशी बोलल्यावर कळले की वीज उशिरा आली की ते दहा मिनिटांतच पाणी सोडत, कारण लोक घाई करत. त्यात त्यांचा दोष आम्ही मानला नाही. आता टाकी रात्री भरायची आणि सकाळी सोडायची, असे ठरले आहे. काल शेवटच्या नळावर ०.२ आले, तेव्हा पलीकडच्या आळीतल्या आजींनी ती पिवळसर बाटली हातात घेऊन बराच वेळ पाहिली.

पाणीपट्टीसाठी आम्ही ग्रामसभेत फळ्यावर हिशेब लिहिला. वीजबिल महिना ५,५००, काकांचे मानधन ५,००० (ते आतापर्यंत ३,००० होते आणि तेही वेळेवर मिळत नव्हते), टीसीएल व तपासणी ७००, आणि मोटर जळाली तर रिवायंडिंग करता यावे म्हणून राखीव २,५००. एकूण १३,७०० रुपये. १४० घरांनी प्रत्येकी १०० रुपये दिले तर १४,००० होतात. वाद झाला, पण आकड्यांवर वाद घालायला कोणाला जागा मिळाली नाही. पैसे पाणीपुरवठ्याच्या वेगळ्या खात्यातच राहतील आणि जमाखर्च दर महिन्याला फळ्यावर लागेल, या अटीवर ठराव झाला. चार निराधार कुटुंबांचे पैसे ग्रामनिधीतून भरायचे ठरले.

यंत्राचा विषय तूर्त मागे पडला आहे, कारण शाळेमागच्या जुन्या बोअरचे नायट्रेट २१ निघाले. बाळांच्या पाच घरांना आणि दोन गरोदर महिलांना तेथील पाणी हंड्याने देणे सुरू केले आहे. बोअरचे पाणी टाकीत आणण्यासाठी वाहिनी टाकायची आहे. समसमान मिसळले तर ४१.५ होते. एवढे पुरेसे समजावे का, आणि दोन्ही पाणी समान पडते आहे हे ओळखायचे कसे, हे सरांनी सांगावे.

उत्तर : निवृत्त उपअभियंता, नाशिकरोड

फार चांगले काम झाले, ताई. ४१.५ आणि ४५ यांत अंतर कमी आहे. छाटणीनंतरच्या खतांनी किंवा पहिल्या पावसाने विहिरीचा आकडा वाढला तर तुम्ही पुन्हा मर्यादेबाहेर जाल. एक भाग विहीर आणि दोन भाग बोअर असे घेतले तर सुमारे ३५ येते, तेवढी मोकळीक असावी.

मोजण्यासाठी २०० लिटरचे टिपाड घ्या आणि दोन्ही पंपांनी ते किती सेकंदांत भरते, ते पाहा. समजा विहिरीच्या पंपाने ते ४० सेकंदांत भरले, तर मिनिटाला ३०० लिटर होतात. बोअरने १०० सेकंद घेतले, तर मिनिटाला १२०. ४० हजार लिटर पाणी हवे असेल, तर विहिरीचा पंप ४४ मिनिटे आणि बोअरचा पंप ३ तास ४२ मिनिटे चालवावा लागेल. तुमचे सेकंद वेगळे असतील, पण हिशेब हाच. दोन्ही पाणी टाकीतच एकत्र यावे, वाहिनीत नको. विहिरीच्या पंपाला पाणी परत येऊ न देणारा (नॉन-रिटर्न) व्हॉल्व्ह आहे का, ते पाहा, नाहीतर एका पंपाचे पाणी दुसऱ्या उद्भवात उतरेल.

बोअरवर इतके तास ताण द्यायचा असल्यामुळे आधी उन्हाळ्याचा अंदाज घ्या : पंप चालू करण्यापूर्वी आणि बंद केल्यावर दोरीने पाण्याची पातळी मोजून वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पूर्ववत येते का, ते पाहा. रोज थोडी थोडी खाली जात असेल तर बोअरचे तास कमी करा आणि ते पाणी फक्त पिण्यासाठी वेगळ्या नळाला द्या. मिसळ सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात टाकीचा आणि शेवटच्या नळाचा नमुना नायट्रेटसाठी पाठवा, आणि पलीकडच्या आळीचा जीवाणू नमुना पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा चांगला येईपर्यंत तेथील उकळण्याची सूचना मागे घेऊ नका.